‘हाडे ठणकतात’ म्हणणारी मुले

मृग लागला की आमच्या त्र्यंबकच्या दवाखान्यात गुडघे धरून येणाऱ्यांची रांग वाढते. ब्रह्मगिरीवरून ढग खाली उतरतात, भिंतींना ओल येते, चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि पन्नाशी ओलांडलेली मंडळी ‘वात धरला’ म्हणत येतात. ते समजण्यासारखे आहे. पण त्याच रांगेत कधी तेरा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. हातपाय ठणकतात, कंबर धरते, फासळ्यांत कळा येतात. मार लागलेला नसतो, सूज फारशी नसते. रात्रभर झोप झालेली नसते. आणि आठ दिवसांनी तेच मूल बाजारात हुंदडताना दिसते. बरोबर आलेली आई मग मुलाला बाहेर बाकावर बसवते आणि हळूच विचारते, ‘‘डॉक्टर, खरंच दुखतं का हो याला, का शाळा बुडवायला करतो?’’

वाढत्या वयात अंग दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत. खेळून पोटऱ्या भरून येतात, ते सकाळपर्यंत जाते. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकामागून एक सांधे सुजू लागले तर तो संधिवाताचा ताप असू शकतो आणि तेथे हृदयाची तपासणी लागते. सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडून राहत असतील तर तो मुलांमधील संधिवात असू शकतो. पण हरसूल, पेठ, सुरगाणा, कळवण या आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, पुन्हा पुन्हा येणारे हाडांचे दुखणे, फिकट चेहरा आणि डोळ्यांत पिवळसर झाक या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर सिकलसेलसाठी रक्त तपासलेच पाहिजे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्राच्या डोंगरी भागात हा आजार आहे. तो केवळ आदिवासींचा आहे असेही समजू नये. विदर्भात इतर अनेक समाजांतही तो आढळतो.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मध्ये किंचित दबलेल्या आणि लवचिक असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशीतले हिमोग्लोबिन थोडे वेगळे असते. प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली किंवा ताप आला की ही पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी एकमेकींत अडकतात आणि मोरीत पालापाचोळा तुंबावा तशी रक्तवाहिनी तुंबते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते म्हणून छातीत कळ येते, हे आता सर्वांना माहीत आहे. या मुलांमध्ये तेच हाडाच्या आत घडते. बाहेरून काही दिसत नाही. पहिल्या दिवशी एक्स-रे काढला तर तोही बहुधा साफ येतो.

तेव्हा त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे, की हो, खरंच दुखते. दुखणे मोजायचे यंत्र निघालेले नाही. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत दुखण्याचा आकडा येत नाही. मूल सांगते तेवढेच आपल्याला कळते, म्हणून त्याचे सांगणे हीच तपासणी समजायची. आजीला ‘रुपयात किती आणे दुखतंय’ असे विचारले तर ती बरोबर सांगते. मुलांना आणे ठाऊक नसतात, त्यांना दहापैकी गुण द्यायला सांगावे. मग काल सहा होते, आज चार आहेत, एवढे तरी समजते.

या आजाराचे शास्त्रीय वर्णन प्रथम १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण दंतवैद्यकाचा विशीतला विद्यार्थी होता. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार असल्याचे लेहमन आणि कटबुश यांनी दाखवले. आपल्याकडे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत यासाठी अनेक वर्षे काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. म्हणजे आजार आता अनोळखी राहिलेला नाही. घरात त्याच्याशी कसे वागायचे हे मात्र आईबापांना कोणी बसून सांगत नाही.

लहानपणी हे काम त्या मानाने सोपे असते. मूल रडते, आई उचलून घेते. तेरा-चौदाव्या वर्षी मूल रडायचे थांबते. वर्गात ‘हा सारखा आजारी’ असे हिणवले जाते, म्हणून ते दुखणे लपवू लागते. मित्रांबरोबर नदीवर जाते, संध्याकाळी पाय ओढत येते आणि विचारले तर ‘काही नाही’ म्हणते. मग रात्री दोन वाजता विव्हळते. याच्या उलटही घडते. दुखत असताना मूल मोबाईलवर गाणी ऐकताना दिसले, एखाद्या विनोदाला हसले, की बाप म्हणतो, ‘‘बघा, कसं मजेत आहे.’’ वर्षानुवर्षे दुखणे सोसलेली मुले दुखतानाच हसायला शिकतात. मन दुसरीकडे लावणे हा दुखण्यावरचा चांगला उपाय आहे आणि तो त्यांनी आपला आपण शोधलेला असतो. त्याबद्दल त्यांना बोल लावू नये.

दुसरे टोकही मी पाहतो. निदान झाले की काही घरांत मुलाला काचेच्या भांड्यासारखे जपू लागतात. शाळा बंद, खेळ बंद, पाण्याचा हंडा उचलायचा नाही. दर तासाला आई विचारते, ‘‘आता कसं वाटतंय, दुखतंय का?’’ यात प्रेम आहे, शंका नाही. पण दिवसातून वीस वेळा विचारले की मुलाचे लक्ष वीस वेळा दुखण्याकडे जाते. त्यातून दोन झटक्यांच्या मधले जे बारीक, रेंगाळणारे दुखणे असते ते वाढते. असे दुखणे फार दिवस राहिले की मज्जासंस्था हळवी होते आणि थोड्याशा त्रासानेही मोठी कळ येऊ लागते. म्हणून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा विचारावे. ‘जास्त झालं तर तू सांग, मी लगेच उठेन’ एवढा विश्वास दिला की मूल आपणहून सांगते. झटका नसेल त्या दिवशी शाळा, जेवण, झोप वेळेवर. सायकल चालवावी, क्रिकेट खेळावे, मात्र दमल्यावर थांबायची आणि मध्ये मध्ये पाणी पिण्याची मोकळीक हवी. खेळाच्या शिक्षकांना हे आईबापांनी जाऊन सांगावे, मुलाकडून निरोप पाठवू नये. ‘मी आजारी आहे, मला बसू द्या’ असे चौदा वर्षांचा मुलगा सगळ्या वर्गासमोर म्हणणार नाही.

पाण्याबद्दल सविस्तर सांगायला हवे. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून लघवीला वारंवार होते आणि काही मुलांचे अंथरूण बारा-तेरा वर्षांपर्यंत, त्यापुढेही, ओले होते. घरात मार बसतो, वसतिगृहात चेष्टा होते. मग घरचे सांगतात, ‘संध्याकाळनंतर पाणी पिऊ नकोस.’ आणि मूल स्वतःही पिणे सोडते. अंगातले पाणी कमी होणे हे तर झटक्याचे मोठे कारण! चेष्टेच्या भीतीने तहान मारणारी मुले मी पाहिली आहेत आणि पहाटे त्यांच्याच हाडांत कळा सुरू होतात. अंथरूण ओले होणे हा आळस नाही, वाईट सवय नाही, आजाराचाच भाग आहे, हे मुलाला स्पष्ट सांगावे. दिवसभर भरपूर पाणी द्यावे, रात्री एकदा लघवीला उठवावे आणि अंथरुणाखाली प्लॅस्टिकचा कागद घालावा. पाण्याची बाटली दप्तरात असावी.

आता एक नाजूक गोष्ट. वयात येणाऱ्या मुलांमध्ये कधी कधी लिंगाला ताठरता येते आणि ती तासन् तास जात नाही, फार दुखते. कारण तेच, विळ्यासारख्या पेशी तेथे अडकतात. लाजेपोटी मुलगा आईला सांगत नाही, बापाला तर नाहीच. चार तासांच्या वर असे राहिले तर कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून बापाने किंवा मामाने आधीच मुलाला बाजूला घेऊन सांगून ठेवावे, की असे झाले तर लाजायचे नाही, पाणी प्यायचे, लघवी करून यायचे, आणि दोन तासांत उतरले नाही तर मला उठवायचे, आपण दवाखान्यात जाऊ. वर्तमानपत्रात हे लिहावे का, असा विचार मनात आला. पण न लिहिण्याने नुकसानच जास्त आहे.

मुलींमध्ये पाळीच्या दिवसांत झटका येण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. ते ‘बायकांचे दुखणे’ म्हणून बाजूला सारू नये. पाळीची तारीख आणि दुखण्याची तारीख एकाच वहीत लिहिली तर दोन-तीन महिन्यांत संबंध लक्षात येतो आणि त्याप्रमाणे उपचार ठरवता येतात. या मुलामुलींची वाढ बरोबरीच्या मुलांपेक्षा एक-दोन वर्षे मागे असते. मिसरूड उशिरा फुटते, पाळी उशिरा येते. बहुतेकांची वाढ पुढे होते. एवढे सांगितले तरी मुलांच्या मनावरचे ओझे उतरते, असा माझा अनुभव आहे. आणि डोळे पिवळे दिसतात म्हणून काविळीचे औषध देत बसू नये. तांबड्या पेशी एरवी १२० दिवस जगतात, या मुलांच्या पंधरा-वीस दिवसांत फुटतात, त्याचा तो पिवळेपणा असतो.

थंडी हा आपल्या गावाचा खास प्रश्न आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी रात्रीच्या पावसात, ओल्या कपड्यांनी होते. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला कडाक्याची थंडी असते. कुशावर्तावर पहाटे गार पाण्यात बुडी मारणे हे सिकलसेलच्या मुलासाठी झटक्याला आमंत्रण आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही. पाणी हातापायांना लावावे, डोक्यावर शिंपडावे आणि अंग कोरडे करून लोकर घालावी. घरी आंघोळ कोमट पाण्याने, भिजून आल्यावर लगेच कपडे बदलणे, झोपताना पायमोजे. दुखऱ्या जागी शेक चालतो, बर्फ कधीही लावू नये.

झटका आला तर घरी काय करावे? मुलाला उबेत झोपवावे, पाणी, सरबत, पेज पाजत राहावे, शेक द्यावा आणि पॅरासिटामॉल द्यावे. गोळीची मात्रा वजनावर ठरते, ती आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन भिंतीला चिकटवून ठेवावी. दुखणे असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी देण्यात अर्थ नाही, सुरुवातीलाच दिलेली चांगली लागू पडते. त्याने भागले नाही तर रुग्णालयात यावे. तेथे यापेक्षा जोराची औषधे असतात आणि अशा दुखण्यात ती द्यायलाच हवीत. मात्र गल्लीतल्या कोणाकडूनही दर आठवड्याला वेदनाशामक इंजेक्शन टोचून घेऊ नये. या मुलांची मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. ‘जादूची’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत स्टेरॉईड असले तर दोन दिवस बरे वाटते आणि ते उतरले की दुखणे दुप्पट उलटते. भगताकडे अंगारा लावून आणला तर मी काही बोलत नाही. पण डाग देऊ नये आणि त्यात रात्र घालवू नये.

काही लक्षणांना घरी थांबायचेच नसते. ताप १०१ च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, कारण या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. छातीत दुखून धाप लागणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, डोळ्यांपुढे अचानक अंधारी, पोटात डाव्या बाजूला फुगणे आणि मूल पांढरेफटक पडणे, यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा आणि नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी. त्र्यंबकहून अठ्ठावीस-तीस किलोमीटर आहे. हरसूलकडच्यांनी आधी तिथले ग्रामीण रुग्णालय गाठावे. आणखी एक. झटका नसतानाही मूल लंगडत असेल, जांघेत किंवा गुडघ्यात सतत दुखत असेल, तर खुब्याचा एक्स-रे, गरज पडल्यास एम.आर.आय. करावा. खुब्याच्या हाडाचे डोके रक्ताअभावी मरते आणि ते जितक्या लवकर कळेल तितके बरे.

रोजच्या औषधांत फॉलिक ॲसिडची गोळी आणि, डॉक्टरांनी सांगितले असल्यास, हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. या कॅप्सूलने जन्माच्या वेळी असते ते हिमोग्लोबिन रक्तात वाढते. त्या हिमोग्लोबिनमुळे पेशी वाकत नाहीत आणि झटके कमी होतात. तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही, त्याचेही कारण हेच. ही कॅप्सूल कर्करोगातही वापरतात. पाकिटातला कागद वाचून घाबरलेले एक गृहस्थ माझ्याकडे ती परत करायला आले होते. घाबरू नये, पण रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. मुले मात्र दोन महिन्यांत कंटाळतात, ‘घेऊनही दुखलंच’ म्हणतात आणि गोळ्या उशीखाली जमतात. म्हणून रात्रीच्या जेवणाशी सांगड घालावी. मुलगी मोठी असेल तर लग्न आणि गर्भारपण यांच्या आधी या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावेच लागते. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय देऊ नयेत. हिमोग्लोबिन सात-आठ असले तरी हे मूल चालते-फिरते असते. त्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवावा, म्हणजे नव्या डॉक्टरला उगाच रक्त चढवण्याची घाई होणार नाही.

आपल्याकडची निम्मी मुले आश्रमशाळेत असतात आणि आईबाप द्राक्षबागेत किंवा बांधकामावर. दुरून सांभाळायचे ते कसे? शाळा सुरू होताना अधीक्षकांना समक्ष भेटावे. आंघोळीला गरम पाणी, रात्री लघवीला जाण्याची सोय, जादा पांघरूण आणि ताप आल्यास त्याच दिवशी फोन, एवढ्या चारच गोष्टी मागाव्यात. दुखण्याची वही ट्रंकेत असावी आणि ती लिहिण्याचे काम मुलाने स्वतः करावे. चौदाव्या वर्षी मुलाने स्वतःचे आजारपण स्वतः सांगायला शिकले पाहिजे. दवाखान्यात मी मुलाला विचारतो आणि उत्तर आई देते. अशा वेळी मी आईला हसून थांबवतो. उद्या हे पोर शिकायला नाशिक-पुण्याला गेले तर तिथल्या डॉक्टरला कोण सांगणार?

निदानानंतर घरात जो दुसरा आजार शिरतो तो दोषाचा. सासू म्हणते, सुनेच्या माहेरचे आले. हे साफ खोटे आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तेव्हाच मुलाला हा आजार होतो, एकाकडून होत नाही. दोघे वाहक असताना प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून ते ठाऊकच नसते. मुलाच्या पाठच्या भावंडांचे रक्त तपासून घ्यावे. आरोग्य केंद्रात आधी साधी चाचणी होते, ती सदोष आली तर पुढची, नक्की सांगणारी. राज्याच्या कार्यक्रमात वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. दोन पिवळ्या कार्डांनी लग्न ठरवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कमीपणा नाही.

नागपूरचे संपत रामटेके यांच्या स्वतःच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी घरात दोष शोधत बसण्याऐवजी अशा घरांना एकत्र करून संघटना उभी केली आणि रुग्णांच्या हक्कांसाठी सरकारचे उंबरे झिजवले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामागे अशा अनेक पालकांचे श्रम आहेत.

या कायद्याचा उपयोग आपल्या मुलांना व्हावा म्हणून कागदपत्रे वेळेवर करावीत. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते. त्यावर दहावी-बारावीच्या परीक्षेत दर तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत अर्ज बोर्डाकडे आधीच जावा लागतो, परीक्षेच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नसतो. सिकलसेलच्या रुग्णांना एस.टी.च्या प्रवासातही सवलत आहे, दर महिन्याला नाशिकच्या खेपा करणाऱ्या घरांना तिचा मोठा आधार होतो. लाल कार्डाच्या आणि प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक मुलाच्या दप्तरात आणि एक घरी रेशनकार्डाबरोबर ठेवावी.